बाळा, पुन्हा टाक

आजचा फुटबॉलचा अंतिम सामना नीट पार पडला, तर तेजलचा फायदा मोठा होता: रेफरींच्या वरच्या परीक्षेसाठी संघटनेच्या सेक्रेटरी इंगवलेकाकांची शिफारस. तिचा परवाना दहा वर्षांखालच्या मुलांना खेळवण्यापुरता, आणि हा सामना एकोणीस वर्षांखालच्यांचा. पण ठरलेले रेफरी मेहुणीच्या हळदीला गेले होते आणि प्रमुख पाहुणे येऊन बसले होते.

“अगं, चेंडू तोच, शिट्टी तीच. उभी राहा नुसती!” काका म्हणाले.

शेवटच्या मिनिटापर्यंत सगळं छान चाललं. मग मिशीवाल्या एका गड्यानं थ्रो-इन करताना, म्हणजे रेघेबाहेरून हातानं चेंडू आत टाकताना, पाय उचलला. नियमानं चेंडू समोरच्या संघाला द्यायचा. पण चिल्ल्यापिल्ल्यांचं चुकलं की परत टाकू देतात; तेजलच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “बाळा, पुन्हा टाक. दोन्ही पाय जमिनीवर.”

“मॅडम, बाळाला पेढा पण भरवा की!” गर्दीतून कुणी ओरडलं. बाळानं पुन्हा टाकला, साथीदारानं त्याला डोकं लावलं आणि गोल झाला.

हरलेल्यांनी तक्रार केली. पात्रता नसताना मैदानात उतरली म्हणून तेजलवर वर्षाची बंदी. पत्रावर सही इंगवलेकाकांची.

“काका, तुम्हीच सांगितलं होतं ना?”

“उभी राहा म्हणालो होतो. शिकव म्हणालो होतो का?”

काकांचा समारंभ वेळेत उरकला, रेफरीसाहेबांना हळदीचं जेवण मिळालं, एका संघाला करंडक. किंमत मोजली ती दहा वर्षांखालच्या पोरांनी. रविवारी तेजलताईची वाट बघत ती पोरं ऊन चढेपर्यंत रेघेवर उभी होती, दोन्ही पाय जमिनीवर.