बेचाळीस गाद्या

हे कुणाला खरं वाटणार नाही. माझ्या बहुतेक गोष्टींचं तसंच होतं, त्यामुळे मला त्याचं काही वाटत नाही.

तर पोरगी कॉलेजच्या खिडकीपाशी उभी होती. हातात प्रवेशाचा अर्ज, अर्जावर दोन चौकोन. डावा जनसंवादाचा, उजवा व्यवसाय व्यवस्थापनाचा. खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं उरलेली. आतला कारकून म्हणाला, "एकाच चौकोनात खूण करा. दोन्हीकडे केलीत की कॉम्प्युटर रुसतो."

तिच्या उजव्या खांद्यामागे बाबा. त्यांचं गाद्यांचं दुकान. "व्यवसायाचं शीक. पुढे दुकान तुलाच बघायचंय," ते म्हणाले. डाव्या खांद्यामागे आत्या, रेडिओवर बातम्या देणारी. "अगं, तुझी जीभ आजोबांवर गेलीय. ती काय गादीत कोंबून ठेवणार?" आत्या हुशार बाई. कुणाची मुलगी आहे ते मी सांगत बसत नाही.

मागे रांग एवढी लांब, की जिना उतरून, सायकल स्टँडला वळसा घालून, पुन्हा जिन्याने वर आली होती. रांगेतल्या एकाला मिसरूड फुटलं ते तिथेच.

पोरगी रांगेकडे वळली आणि बाबांना म्हणाली, "मी पाच मिनिटं नुसती बोलते. काही घडलं तर जनसंवाद. नाही घडलं तर दुकान."

आणि तिने गादी सांगायला घेतली. दाखवायला नव्हे, सांगायला. कापूस कसा मऊ, कूस बदलली तरी कशी हूं का चूं करत नाही, पाठ टेकली की दिवसाचा शीण कसा खाली झिरपत जातो. दुसऱ्याच वाक्याला रांगेतून एक जांभई निघाली आणि जिना उतरून थेट सायकल स्टँडपर्यंत गेली. चौथ्या वाक्याला पहारेकरी भिंतीला टेकला. कारकुनाने शिक्क्यावरच डोकं ठेवलं. उठला तेव्हा त्याच्या कपाळावर 'प्रवेश निश्चित' असं ठळक उमटलेलं होतं.

जागं झाल्या झाल्या बेचाळीस जणांनी तिथल्या तिथे गाद्या मागितल्या. संध्याकाळच्या आत बेचाळीस गाद्या बेचाळीस घरी पोचल्यासुद्धा, आणि कारकुनाने तोवर खिडकी उघडीच ठेवली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "बाळा, मीच चुकलो. जनसंवादावर कर खूण." पोरीने पेन उचललं, डाव्या चौकोनावर टेकवलं, आणि...

"आजोबा, थांबा. हे साफ खोटं आहे."

थांबवणारी तीच पोरगी. माझी नात. दुकानात माझ्यासमोर गाद्यांच्या थप्पीवर मांडी घालून बसलेली, मांडीवर कोरा अर्ज. तो उद्या द्यायचा होता, आणि एवढी चांगली जीभ वाया जाऊ नये म्हणून मी सकाळपासून घसा कोरडा करत होतो. मला वाटलं, जांभईवर अडली असेल. नाहीतर शिक्क्यावर.

तिने आमच्या दोन कारागिरांकडे बोट केलं. ते दोघं दाभण हातात धरून गोष्ट ऐकत बसले होते.

"खोळ भरायची, बडवून सारखी करायची, टाके घालायचे. दोघं मिळून दिवसाला चार गाद्या करतात. पाचवी होत नाही. आणि कापसाची गाडी गुरुवारशिवाय येत नाही. बेचाळीस आणल्या कुठून?"

"गोष्टीत जरा हात पटापट चालतात," मी म्हणालो.

कारागीर हसले. ती नाही हसली. तिने केसांत खोचलेलं पेन काढलं, उजव्या, व्यवसायाच्या चौकोनात खूण केली आणि शाई वाळावी म्हणून तिच्यावर फुंकर घातली.

"झोप सगळ्यांना आणलीत ती छान होती, आजोबा. पण उरलेल्या अडतीस जणांना जमिनीवर निजवून तुमच्या गोष्टीतली ती पोरगी दुसऱ्या दिवशी दुकान कुठल्या तोंडाने उघडणार होती?"