चटई उचलणारा हात

चुलीवरच्या पातेल्याचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे लोसाला कळलं की आपण केव्हाचा श्वास रोखून बसलोय. कोकोला उकळी आली होती. तिने झाकण सरकवलं आणि पुन्हा बाहेर पाहिलं.

अंगणात तीसेक माणसं होती आणि आवाज कुणाचाच नव्हता. उजाडायच्या आधीच ती येऊन माना खाली घालून बसली होती. सगळ्यांच्या पुढे एक बाई, डोक्यावरून जमिनीपर्यंत बारीक विणीची जुनी चटई पांघरलेली. ती सुलिया.

सुलियाचा मुलगा फालानिको पंधरा वर्षांचा. लोसाच्या नवऱ्याने, सेतेफानोने, त्याला चारचौघांत थोबाडीत मारली होती. त्याच संध्याकाळी फालानिकोने झाडाआडून त्याला दगड मारला. ‘तो पडला, मी पळालो,’ असं पोराने स्वतःच पोलिसांना सांगितलं. सकाळी सेतेफानो खालच्या रस्त्यावर, नीरफणसाच्या झाडाशी मेलेला सापडला. डोकं फुटलेलं. याला आता तीन महिने झाले.

सोमवारी न्यायाधीश शिक्षा सुनावणार होते. चटई उचलली गेली, म्हणजे माफी मिळाली, तर पोराला सुधारगृह, तीन-चार वर्षं. नाही उचलली तर मोठ्यांचा तुरुंग, दहा वर्षं तरी. वकिलाने सुलियाला असंच सांगितलं होतं. आणि चटई उचलायची ती ज्यांचं माणूस गेलं त्यांनी. तोवर बसायचं.

“बसू देत,” मारेता म्हणाली. ती सेतेफानोची थोरली बहीण. रडून रडून तिचा घसा बसला होता. “ऊन वर येऊ दे. भाजू देत जरा.”

“मारेता, आधी तुझ्या तोंडावर काहीतरी झाक,” लोसाचा म्हातारा सासरा तुइलोमा म्हणाला. “मग त्यांच्या चटईचं बघू.”

“मी बोलणारच बाबा. भाऊ माझा गेलाय. आणि हिला बघा. डोळ्यातून टिपूस नाही. पोरीला बापाच्या मातीलासुद्धा आणलं नाही. तीन महिने माहेरी ठेवली. काल मी माणूस धाडला तेव्हा कुठे लेकरू घरी आलं.”

लुपे लोसाच्या मांडीला टेकून अळूचा कंद नारळाच्या दुधात बुडवून खात होती. पाच वर्षांची. हनुवटीवरून दूध ओघळत होतं. लोसाने ते बोटाने टिपलं आणि बोट चाटलं, लुपे तान्ही असताना चाटायची तसं.

“सून आहे ती, दगड नाही,” तुइलोमा म्हणाला. “काहींचं रडणं आत असतं.” मग तो लोसाकडे वळला. “पोरी, मी घरचा मताई आहे, कुळाचा प्रमुख, माझा शब्द चालतो. पण आज हात तुझा. तू नको म्हणालीस तर मी जागचा हलणार नाही.”

“नाही उचलली तर काय होईल, बाबा?”

“जातील परत. सोमवारी न्यायाधीश विचारतील, तेव्हा आपण आपलं सांगू. पुन्हा सगळं निघेल. कुठे पडला, कसा पडला, कुणी पाहिलं.”

“आणि उचलली तर?”

“तर संपलं. या अंगणात परत कुणी कुणाला काही विचारायचं नाही. ना त्यांनी, ना आपण.”

बाहेर चटईखालून खोकल्याची उबळ आली आणि दाबली गेली. ऊन सुलियाच्या पाठीवर चढलं होतं. मागे बसलेल्या एका बाईने हात पुढे केला, पण चटईला लावला नाही. लावायचा नसतो.

लोसाच्या मनात आलं, सुलियालाही लेकरू आहे.

ती उठली.

“लोसा,” मारेता म्हणाली. आवाजात आता धार नव्हती. “खरंच?”

“पंधरा वर्षांचा आहे तो, वन्सं.”

अंगण ओलांडायला तिला फार वेळ लागला. तिने दोन्ही हातांनी चटईची कड धरली. डावं मनगट अजून पुरतं वळत नव्हतं. गेल्या वर्षी ते मोडलं, तेव्हा झऱ्यावर पाय घसरला असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. चटई अर्ध्यावर अडली. तिने ओठ चावले आणि वर घेतली.

सुलियाचा चेहरा घामाने निथळत होता. तिने लोसाचे हात धरले, कपाळाला लावले.

“तू माझ्या पोराला दुसरा जन्म दिलास ग,” ती म्हणाली. “रोज म्हणतो, आई, तो मरेल असं वाटलं नव्हतं मला. एवढासा तर दगड होता.”

“उठा मावशी. आत चला. कोको तयार आहे.”

मागची माणसं तेव्हा रडू लागली. तुइलोमाने भाषण केलं, सुलियाकडच्या म्हाताऱ्याने उत्तराचं भाषण केलं. मारेताने स्वतः पहिला पेला सुलियाच्या हातात दिला.

“घे. गोड कमी आहे,” ती म्हणाली. “माझ्यासारखाच.”

सुलिया रडता रडता हसली. मग मारेताही.

लोसा मागच्या चुलीशी येऊन बसली. तिने लुपेला कुशीत ओढलं आणि तिच्या केसांत नाक खुपसलं. नारळाच्या तेलाचा वास. बाहेर गाणं सुरू झालं होतं.

“आई, ती आजी चटईखाली का बसली होती?”

“तिच्या मुलाने पपांना दगड मारला ना, म्हणून.”

लुपेने विचार केला.

“पण पपा तर मग घरी आले. त्याला शिव्या देत जेवले. मग झोपले.” तिने मान वर करून आईकडे पाहिलं. “मग तू त्यांना ओढत परत रस्त्यावर कशाला नेलंस?”