नवमीचं पान

कावळा कुंपणाच्या खांबावर बसला होता आणि खाली उतरायचं नाव घेत नव्हता. खाली गवतात केळीचं पान मांडलेलं. पानावर भात, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी आणि दोन वडे. पान वेंटवर्थव्हिलच्या दुकानातलं, स्वयंपाक सुनेचा, निहारिकाचा. सोवळ्यात नसला तरी निगुतीने केलेला. पानापासून दहा पावलं मागे, सायकली गवतात आडव्या टाकून, यतिन आणि त्याचे वडील चंद्रहास उभे होते.

आज अविधवा नवमी. यतिनची आई सवाष्ण गेली, म्हणून पितृपंधरवड्यात तिचा दिवस हाच. यतिनने पॅरामॅटाच्या ऑफिसातून अर्धा दिवस रजा काढली होती. आधी नव्या घराच्या मागच्या अंगणात पान ठेवून दोघांनी तासभर वाट पाहिली. पण त्या एस्टेटमध्ये, त्या नव्या वसाहतीत, घरं तीनशे आणि झाडं सगळी कुंडीतली. कावळा यायचा तरी कुठून? शेवटी चंद्रहास म्हणाले, "चल, मला ठाऊक आहे कुठे असतात ते." पान गुंडाळलं, डबा कॅरियरला लावला आणि निघाले.

त्यांना ठाऊक असणारच. चार महिन्यांपूर्वी ते पुण्याहून इथे परदेशी आले तेव्हा यतिनने त्यांना गियरची सायकल घेऊन दिली होती, त्यांचं मन रमावं म्हणून. एस्टेटचा नवाकोरा रस्ता संपला की पुढे नुसती शेतं. चंद्रहास रोज तिकडे जायचे आणि रात्री जेवताना सांगायचे, आज भोपळ्याच्या मळ्यापर्यंत गेलो, आज घोड्यांपर्यंत, इथे घोड्यांनाही थंडीत कोट घालतात. यतिन सुखावायचा. मग हळूच विचारायचा, "बाबा, कोथरूडच्या फ्लॅटचं काय करायचं? आता इथेच राहणार ना तुम्ही?" की चंद्रहास पुन्हा भोपळ्यांवर यायचे.

सप्टेंबरात, विणीच्या दिवसांत, इथले मॅगपाय पक्षी सायकलवाल्यांच्या डोक्यावर झडप घालतात, म्हणून दोघांच्या हेल्मेटवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या उभ्या खोचलेल्या होत्या. श्राद्धाला निघालेली दोन साळिंदरंच. मॅगपाय वाटेत दोनदा अंगावर आला. जो नको तो पक्षी डोक्यावर, आणि जो हवा तो खांबावर.

एक म्हातारा शेतकरी गाडी हळू करून खिडकीतून ओरडला, "यू राइट, मेट?"

"ऑल गुड! जस्ट वेटिंग फॉर द क्रो," यतिन म्हणाला.

म्हाताऱ्याने पानाकडे पाहिलं, कावळ्याकडे पाहिलं. "दॅट क्रो लुक्स फुल टू मी," म्हणाला आणि निघून गेला.

उन्हं चढली. खिरीवर माश्या यायला लागल्या. आता काहीतरी कबूल करायला हवं होतं. गेलेल्या माणसाची इच्छा मागे राहिली तर कावळा शिवत नाही, एवढं यतिनला ठाऊक होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, मग हात जोडले.

"आई, बाबांना आम्ही नीट सांभाळतोय. काही कमी पडू देणार नाही."

कावळा तान्ह्या पोरासारखा रडका आवाज काढून पलीकडच्या खांबावर जाऊन बसला.

"तुझ्या नातीचं मराठी सुटू देणार नाही. उर्वीला रोज वाचायला बसवीन."

कावळ्याने तारेला चोच घासली.

"पुढच्या वर्षी सगळे पुण्याला येऊ."

"तिला तारखा नको सांगूस," चंद्रहास म्हणाले. "तुझ्या तारखा तिने खूप ऐकल्यात."

यतिनला ते फार लागलं. खरंच होतं म्हणून जास्त लागलं. मग तो म्हणाला, "बाबा, तुम्ही बोला. तिचा जीव तुमच्यात अडकलाय. माझ्यात नाही."

चंद्रहास शेताकडे बघत राहिले. मळ्यात कुणीतरी पाण्याचे फवारे चालू केले होते. त्यांनी हेल्मेट काढून सायकलीवर ठेवलं, विस्कटलेले केस हाताने बसवले आणि दोन पावलं पुढे गेले.

"अगं, ऐकलंस का," ते म्हणाले, अगदी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बोलावं तसं. "मी इथे रमलोय. हिंडायला शेतं आहेत, सायकल आहे, मुलं जीव लावतात. कोथरूडला आता माझं काही राहिलेलं नाही. मी इथेच राहतो. तू काळजी करू नकोस."

कावळा उतरला. दोन उड्यांत पानाशी आला, मान वाकडी करून पाहिलं आणि वडा उचलला.

यतिनला एकदम भरून आलं. चार महिने जे उत्तर मिळत नव्हतं ते मिळालं, आणि तेही आईच्या साक्षीने. त्याने वडिलांचा दंड घट्ट धरला. "शिवला! बाबा, शिवला! ऐकलं आईने!"

चंद्रहास पाठमोरे होऊन हेल्मेट चढवत होते. पट्टा काही केल्या लागत नव्हता. यतिनने पुढे होऊन लावून दिला, तेव्हा त्याला त्यांचा चेहरा दिसला.

"हा इथला कावळा आहे रे," ते म्हणाले. "तुझी आई असती ना, तर हे ऐकून शिवली नसती."