पिण्यास योग्य

प्रयोगशाळेच्या कपाटात बेचाळीस बाटल्या होत्या. प्रत्येकीवर विहीरमालकाचं नाव होतं आणि एकीचंही सील तुटलेलं नव्हतं. याच बेचाळीस विहिरींचं पाणी तपासून 'पिण्यास योग्य' असे दाखले दिल्याबद्दल आमच्या विभागप्रमुख सरांना विद्यापीठाचा समाजसेवा पुरस्कार मिळाला होता.

इंदापूरकडच्या त्या गावानं सरांचा सत्कार ठेवला. बारामतीहून मीही सोबत गेले. हार घालून झाल्यावर लीलाबाईंनी तांब्या पुढं केला.

"घ्या सर, आमच्याच हिरीचं हाय. तुमचा दाखला आल्यापास्नं नातीच्या दुधाच्या पावडरीतबी हेच घालते. तीन म्हैन्याची हाय."

"राहू द्या मावशी, बाहेरचं पाणी मला बाधतं," म्हणत सरांनी पिशवीतून विकतची बाटली काढली.

"अवो सर, तुमीच पास केलंय की त्याला!" मागून मानसिंगआबा ओरडले. सगळे हसले. सरही हसले.

तांब्यातलं पाणी मी स्वच्छ बाटलीत भरून आणलं आणि त्याच दुपारी तपासलं.



नायट्रेट, लिटरला एकशे अठरा मिलिग्रॅम. मर्यादा पंचेचाळीस.