ओळखीचा आवाज

अण्णांच्या लॉकेटमध्ये एकशे बारा नोंदी होत्या. ते गेले त्या एकट्या मंगळवारच्या, सकाळी दहा ते दुपारी दोनमधल्या. प्रत्येकीत एकच हाक होती, "रेवू, ए रेवू!"

रेवतीने त्या पुन्हा मोजल्या. वृद्धांनी गळ्यात घालायचं, अडचणीत मदत बोलावणारं हे लॉकेट तिच्याच टीमने बनवलं होतं. बॅटरी दहा वर्षं पुरावी म्हणून त्यातली चिप सतत झोपलेली असे. नवा आवाज आला तरच ती उठून घरच्यांना फोन लावी. रोजच्या आवाजाची नुसती नोंद होई.

"बाथरूममध्ये पडल्यावरही तुलाच हाक मारत होते," थोरला भाऊ सुहास म्हणाला. "चहा गार झाला तरी रेवू, दारात मांजर आलं तरी रेवू. तू ऑफिसात आहेस हे कधी लक्षातच राहायचं नाही त्यांच्या."

"म्हणूनच, दादा. चिपने ती हाक पंख्याच्या आवाजात जमा केली."

"आणि 'वाचवा' म्हणाले असते तर?"

"एकदा म्हणाले असते तरी उठली असती."

रेवतीने शेवटची नोंद उघडली. वेळ एक वाजून सत्तावन्न मिनिटं. बॅटरी शिल्लक, नव्व्याण्णव टक्के.