ऐंशी ठोके

अपघात विभागातल्या साऱ्या खाटांच्या पडद्यांवर मिनिटाला हृदयाचे ऐंशी ठोके दिसत होते. खाटेला जोडलेला आपोआप चालणारा पंप प्रत्येक जखमीचं हृदय औषध देऊन ऐंशीवरच धरून ठेवी. भीती, वेदना, काहीच त्या आकड्यात उमटत नसे. मोरेश्वर बेशुद्ध इंदुमतीशेजारी बसले. आपण आलोय हे हिला कळत तरी असेल का? दूधवाल्याकडून आता अर्धाच लिटर घेतो, एवढंच ते पुटपुटले. बायकोचा आकडा ढिम्म हलला नाही.

"आजोबा, बोलू नका हो," सिस्टर म्हणाली. "तुमचा आवाज आला की आजींचं हृदय धावायला लागतं. ते आवरायला पंप दुप्पट औषध ओततो. अशानं रक्तदाब कोसळेल."

"माझ्या आवाजानं? अहो, घरी तर ही माझ्या बोलण्यावर हूं की चूं करत नाही."

"तोंडानं नसतील करत. पंपाला कळतं ना!" सिस्टर हसली.

मोरेश्वर मुकाट्यानं बाहेर काचेपाशी जाऊन उभे राहिले. आत पंपावर दिसणारी औषधाची मात्रा हळूहळू उतरू लागली. एवढी आनंदाची गोष्ट जिला सांगावी असं त्यांचं जगात एकच माणूस होतं, आणि तिच्याशीच बोलायची मनाई होती.