कमरेखालचा फॉर्म

शिडीवरून पडून मणका मोडला, त्याला आठ महिने झाले. पुन्हा आगीच्या बंबावर जायचं की ऑफिसात फायली चाळायच्या, हे आज पिलाटीस व्यायामाच्या मॅटवर ठरणार होतं. मी उताणा झोपलो. फिजिओ मॅडमनी माझाच फिटनेसचा फॉर्म कमरेखाली सरकवला. “पाय उचला. मी कागद ओढणार. निसटला, तर सही नाही.” मागच्या खेपेला श्वास रोखून मी वेळ मारून नेली होती, म्हणून आज बोलत राहण्याची अट. मी कंबर मॅटवर दाबून धरली. मांड्या लटपटू लागल्या. “लग्नाची तारीख सांगा,” कोपऱ्यातून बायको म्हणाली. आठवेना. “सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस...” मॅडमनी ओढलं. “सतरा त्रिक...” त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं. टर्रकन आवाज झाला. अर्धा फॉर्म त्यांच्या हातात, अर्धा माझ्याखाली. “दुसरा फॉर्म आणा,” मॅडम म्हणाल्या, “सही करते.”